पाहुणीची झूल

थंडी असली की थंडी असते आणि उन्हाळा असला की उन्हाळा. त्यात डोकं चालवावं लागत नाही. थंडीत घोड्यांच्या पाठीवर झुली चढवायच्या, उन्हाळ्यात त्या धुऊन, वाळवून माळ्यावर टाकायच्या. एवढं तर आत्यालाही कळायचं, आणि आत्याने उभ्या जन्मात घोड्याला बोट लावलेलं नव्हतं. खरी पंचाईत मधल्या दिवसांची. वसंत म्हणे वसंत! गाणी लिहिणाऱ्यांचं काय जातं? दुपारी अंगणातली फरशी चटके देणार, घोडी सावली शोधणार, आणि दिवस कलला की असा बोचरा वारा सुटणार की नाकाचा शेंडा जागेवर आहे की नाही ते चाचपून बघावं. अशा दिवसांत संध्याकाळी घोड्याला झूल घालायची की नाही, या एका प्रश्नाने थोरलीचा जीव दरवर्षी टांगणीला लागायचा. यंदा तर तो टांगणीवरून उतरायलाच तयार नव्हता.

थोरली म्हणजे या घरची मोठी लेक. धाकटी लग्न करून दूर निघून गेली, थोरली राहिली ती तबेल्याचीच होऊन. बाबांनी आयुष्यभर लोकांच्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवलं. गुडघे गेल्यापासून ते काम थोरलीकडे आलं होतं आणि बाबा कुंपणाला टेकून "टाच खाली! टाच खाली!" एवढंच ओरडत. घरात तिसरी आत्या, बाबांची बहीण. तिचं राज्य स्वयंपाकघरापुरतं, पण स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडायची, त्यामुळे तिचं मत सगळीकडे पोचायचं.

मग रोज घालूनच टाकावी की झूल, बिघडलं कुठं, असं नवख्या माणसाला वाटतं. आईला थंडी वाजली की लेकराच्या अंगात स्वेटर चढतो, ही तर जुनी गोष्ट आहे. पण घोड्याचं तसं करून भागत नाही. त्याच्या अंगात मुळातच ऊब फार. नको असताना झूल घातली तर आतल्या आत घोडा घामाने निथळतो, पहाटे गारठा वाढला की तोच घाम अंगावर थंड होतो, आणि मग बसा बोंबलत. नाही घालावी तर वारा आहेच. थंडीचे केस निम्मे झडलेले, निम्मे अंगावर. तेही त्या दिवसांसारखेच ना धड इकडे ना धड तिकडे.

म्हणून हा निकाल बाबांचा. दिवस मावळायच्या आधी ते निघत. एकेका ठाणात शिरायचं, घोड्याच्या मानेवर एक थाप द्यायची आणि उजवा हात त्याच्या खांद्यामागे, पुढच्या पायाच्या वर टेकवायचा. मग डोळे मिटायचे. थोरली झुलींचा ढीग खांद्यावर घेऊन मागे उभी. क्षणभर सगळं शांत, आणि मग अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल यायचा. "घाल!" नाहीतर "राहू दे!"

"न्यायमूर्ती निघाले वाटतं," आत्या खिडकीतून म्हणायची. पण निकाल लागल्यावर तीसुद्धा निवांत होऊन गॅसकडे वळायची. थोरलीच्या डोक्यावरचं ओझं तर तिथल्या तिथे उतरायचं. बाबांनी सांगितलं ना, मग झालं. बाबा चुकल्याचं तिला आठवत नव्हतं.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती, आणि ती वेगळी होती पाहुणीमुळे.

पाहुणी ही पांढरी घोडी. कुणीतरी दोन दिवस सांभाळा म्हणून आणून बांधली आणि तो माणूस पुन्हा फिरकलाच नाही, म्हणून पाहुणी. तिला येऊन आता इतकी वर्षं झाली होती की गावातल्या निम्म्या पोरांनी तिच्या पाठीवर पहिला लगाम धरला होता. घाबरट पोर असलं की ही आपण होऊन पाय जपून टाकायची. थोरलीचा तिच्यावर जीव होता, आणि ती तसं उघड बोलूनही दाखवायची. या थंडीत पाहुणीच्या फुफ्फुसांना सूज आली. डॉक्टरीणबाईंनी सुयांवर सुया टोचल्या, त्यासाठी अंगावरचे केस जागोजागी भादरले, आणि मरता मरता ती वाचली. वाचली खरी, पण जाताना डॉक्टरीणबाई थोरलीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघा, आता हिला घाम फुटून चालायचं नाही आणि गारठूनही चालायचं नाही. पुन्हा एकदा छाती भरली तर मला बोलावू नका. मी येऊन नुसती उभी राहीन."

हे वाक्य थोरलीच्या कानात जाऊन बसलं ते बसलंच. मोबाइलवर हवामान बघायचा तिला नादच लागला. मोबाइल सांगायचा, रात्र उबदार. अंगणातला वारा सांगायचा, मोबाइलच्या नादी लागू नकोस.

आणि नेमक्या त्याच दिवसांत बाबांचे निकाल विचित्र यायला लागले.

आधी ढोल्याचं झालं. ढोल्या म्हणजे तांबडा, गोलमटोल, दणकट घोडा. बर्फात उभा केला तरी शिंकणार नाही. बाबा म्हणाले, "घाल!" सकाळी थोरलीने झूल काढली तर खालून वाफ निघाली, पाठ ओलीचिंब. ती म्हणाली, वारा पडला असेल मध्येच. मग दोन दिवसांनी एका म्हाताऱ्या तट्टाला बाबा "राहू दे!" म्हणाले आणि ते पहाटे थरथरत उभं. ती म्हणाली, वारा सुटला असेल मध्येच. वाऱ्यावर किती दिवस ढकलणार माणूस? पण दुसरं काही मनात यायला लागलं की ती ते पायाखाली दाबून टाकायची.

मग दुधाचं पातेलं आलं. सकाळची वेळ, दूध उतू चाललेलं, आत्या मागच्या दाराशी. बाबा टेबलाशी बसले होते ते उठले, आणि फडकं न घेता, सांडशी न घेता, पातेल्याचे काठ दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते उचललं. उचललं, ओट्यावर ठेवलं, वर झाकण ठेवलं आणि पुन्हा येऊन बसले. थोरली बघतच राहिली.

"अरे ए! हात का लाकडं?" आत्या दारातूनच किंचाळली.

"तबेल्यातल्या माणसाचे हात आहेत ते," बाबा म्हणाले. "चामडं झालंय त्यांचं."

त्यांनी हात टेबलाखाली नेले, पण थोरलीने तेवढ्यात बघितलं होतं. बोटांची टोकं लालभडक झाली होती आणि दुपारपर्यंत त्यांवर फोड आले. बाबांना साखर होती, जुनी. तळपायांना कळत नाही हे डॉक्टर कधीचे सांगत होते. हातांचं कुणी विचारलं नव्हतं आणि बाबांनी सांगितलं नव्हतं. थोरलीला एकेक आठवायला लागलं. झुलीचे बंद बांधताना बाबा हल्ली मान वाकवून बघत बांधायचे. वाफाळत्या चहाचा पेला तसाच मुठीत धरायचे. म्हणजे हा हात घोड्याच्या अंगावर टेकतो तेव्हा त्याला काहीच कळत नाही, आणि बाबा डोळे मिटून अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा निकाल देतात!

आता सांगायचं कसं? घोड्यावर बसणं सुटलं, तेव्हा बाबा आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते. शिकवणं सुटलं, तेव्हा हसून म्हणाले, चला, सुटलो. पण त्या हसण्याने थोरलीला रडू आलं होतं. आता उरला होता तो हा हात आणि ही संध्याकाळची फेरी. तीही काढून घ्यायची? आणि कुणी, तर तिने? तिच्याने होणार नव्हतं ते. दुसरीकडे पाहुणी उभी होती. बाबांचा हात चुकला तर ढोल्या घामेजून शिंकेल आणि गप्प बसेल. पाहुणी गप्प बसणार नव्हती, ती मरणार होती.

तिने मधली वाट काढली, आणि मधल्या वाटेने कुणाचं भलं झालंय कधी? बाबांची फेरी नेहमीसारखी होऊ द्यायची. ते म्हणतील तसं त्यांच्या देखत करायचं. मग ते आत जाऊन खुर्चीत टेकले की आपण गुपचूप पुन्हा जायचं, स्वतः हात लावून बघायचं, आणि चुकलं असेल तर दुरुस्त करायचं. सकाळी बाबा उठायच्या आत सगळं होतं तसं. साप मरेल आणि काठीही शाबूत राहील.

काठी शाबूत राहिली, पण थोरली अर्धी झाली. कारण तिने हे काम कधी केलेलंच नव्हतं. बाबांच्या जिवावर निर्धास्त राहिलेली बाई ती. हात लावला की पहिल्या क्षणी वाटायचं ऊब आहे. दुसऱ्या क्षणी वाटायचं, नाही, कमी आहे. मग डाव्या हाताने बघायची, तर तो तिसरंच सांगायचा. झूल घालून दारापर्यंत जायची आणि परत येऊन काढायची. पुन्हा घालायची. ढोल्याने एकदा वैतागून झुलीचं टोक दातात धरून ओढलं.

"अंगणात काय येरझारा चालल्यात गं तुझ्या?" आत्याने विचारलं.

"काही नाही. कडी नीट लागली का बघत होते."

"कडीला इतके दिवस कुणी नव्हतं बघायला. आरशात बघ जरा. डोळे खोल गेलेत."

थोरली तबेल्याकडे सटकली. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ती आत्याच्या समोर उभी राहायचंच टाळायला लागली.

मग ती संध्याकाळ आली. वारा उत्तरेकडून वाहत होता, आभाळ मोकळं. बाबा पाहुणीच्या ठाणात शिरले, मानेवर थाप दिली, हात टेकवला, डोळे मिटले. "घाल!" थोरलीने झूल घातली, छातीवरचा बंद आवळला, पोटाखालचे पट्टे अडकवले. बाबा आत गेले. तिला पाण्याच्या बादल्या घासायच्या राहिल्या होत्या, त्या तिने घासल्या. टाकीचं पाणी असं गार की बोटं वाकेनात. शेवटची बादली उपडी टाकून, हात ओढणीला पुसत ती नेहमीच्या चोरट्या फेरीला निघाली.

पाहुणीच्या झुलीत हात घातला आणि ती दचकली. आत नुसती भट्टी! पोळेल इतकं गरम अंग. म्हणजे बाबा पुन्हा चुकले. आता हिला घाम फुटणार, पहाटे गारठणार, आणि डॉक्टरीणबाई येऊन नुसत्या उभ्या राहणार. एरवी दहा वेळा घाल-काढ करणारी थोरली त्या दिवशी अजिबात घुटमळली नाही. तिने झूल काढली आणि ठाणाच्या अर्ध्या दारावर टाकली. कधी नव्हे तो तिला स्वतःचा निकाल पटला होता. ती आत येऊन पोटभर जेवली आणि पडल्या पडल्या झोपली.

सकाळी पाहुणी कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. गवताला तोंड लावलेलं नव्हतं. थोरलीची चाहूल लागली तशी तिने मान वळवली आणि ती खोकली. आतून, खोल, फुटक्या पिंपासारखा आवाज.

डॉक्टरीणबाई आल्या. मला बोलावू नका म्हणणारी माणसंच आधी धावत येतात. त्यांनी छातीला नळी लावली, ताप बघितला, दोन सुया दिल्या. "रात्री उघडी होती का ही?" त्यांनी विचारलं.

थोरलीने तोंड उघडलं. पण बाबा आधी बोलले. ते दाराशी उभे होते आणि त्यांचं लक्ष दारावर टाकलेल्या झुलीकडे होतं.

"माझी चूक," बाबा म्हणाले. "मीच राहू दे म्हणालो असेन."

"म्हणालो असेन म्हणजे?"

"म्हणजे आठवत नाही मला. आणि आठवून तरी काय उपयोग?" त्यांनी आपला उजवा हात पुढे केला, फोड सुकून काळपट पडलेला. "याला काही कळत नाही बाई. गार नाही, गरम नाही. किती दिवस झाले. मी कुणाला बोललो नाही. आता कळेल, मग कळेल, करत राहिलो."

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात बघितला, उद्याच्या उद्या दवाखान्यात दाखवा म्हणाल्या, आणि ताप वाढला तर कळवा सांगून गेल्या. बाबा हळूहळू घराकडे निघाले. अंगणात आत्या भेटली, तिला म्हणाले, "आजपासून झुलींचं थोरली बघेल. मला हाक मारू नकोस."

थोरली तिथेच उभी. तिच्या मनात काय आलं ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इतके दिवस जे सांगायला तिची जीभ रेटत नव्हती, ते बाबांनी आपण होऊन सांगून टाकलं होतं. तिने नुसतं गप्प राहायचं होतं. न बोलता सगळं सुटत होतं. तोंडात मूग धरून ती दुपारपर्यंत पाहुणीजवळ बसली. पाहुणी खोकत होती, आणि दर खोकल्याला थोरलीला वाटत होतं, ही माझं नाव घेतेय.

दुपारी ती घरात गेली. बाबा जेवायला उठले नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"बाबा, तुम्ही घाल म्हणाला होतात."

ते वळले नाहीत.

"ऐकताय ना? तुम्ही घाल म्हणालात, मी घातली. मग तुम्ही आत गेलात आणि मी काढली. रोज तेच करत होते मी. तुमच्या मागून जाऊन बघत होते. तुमच्या हाताचं मला आधीच कळलं होतं, दुधाच्या दिवशी." ती रडायला लागली. "तुमचं बरोबर होतं. मी मारली तिला."

बाबा उठून बसले. आधी त्यांना राग आला, चांगला सणसणीत. "माझ्या मागून? रोज? मला न विचारता?" मग ते थांबले. कपाळाला आठी घालून म्हणाले, "काढलीस का पण? एवढ्या वाऱ्यात?"

"गरम लागली. भट्टी होती नुसती."

"आधी काय करत होतीस?"

"बादल्या घासत होते."

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. "टाकीच्या पाण्यात? अगं बये! बर्फासारखा हात घेऊन गेलीस तर मेलेला घोडासुद्धा ऊन लागेल! हात आधी काखेत धरायचा, उबवायचा, मग लावायचा. एवढं साधं..." आणि मग त्यांच्या लक्षात आलं की एवढं साधं त्यांनी तिला कधी सांगितलंच नव्हतं. सांगायची वेळच त्यांनी येऊ दिली नव्हती.

"पण तुम्हाला कसं कळलं?" थोरलीने नाक पुसत विचारलं. "हाताला कळत नाही, तर घाल कसं म्हणालात?"

"अंदाजपंचे दाहोदरसे," बाबा म्हणाले. "ढोल्याला लागला नाही, हिला लागला."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते थोरलीला विचारू नये. ताप चढायचा, उतरायचा. पाहुणी चार काड्या चघळायची आणि टाकून द्यायची. बाबा खुर्ची घेऊन ठाणाच्या दाराशी बसायचे. आत्या तिथवर चहा आणून द्यायची आणि पाहुणीकडे न बघता म्हणायची, "काय म्हणतेय ती?" शेवटी एका दुपारी डॉक्टरीणबाईंनी नळी कानातून काढली. ताप उतरला होता.

"आजची रात्र महत्त्वाची," त्या म्हणाल्या. "अंगात ताकद अजिबात नाही. आज घाम फुटला तरी धोका, गारठली तरी धोका. आजची निभावली तर निभावली."

"मग झूल घालू की नको?" थोरलीने विचारलं.

"ते संध्याकाळी तुम्ही बघायचं. तिचं अंग तुम्हाला ठाऊक. मी सकाळी येते."

घ्या! थोरलीला वाटलं, या बाईंच्या गाडीपुढे आडवं व्हावं. पण गाडी गेली. त्या दिवशी बादल्या आत्याने भरल्या, होय, आत्याने, पदर खोचून, घोड्यांपासून हातभर लांब राहून. थोरलीने दुपारपासून पाण्याला हात लावला नाही. हात काखेत धरून ती अंगणात फिरत होती. आत्याने तिला एकदाही टोकलं नाही, यावरून काय ते समजावं.

दिवस कलला. वारा पडलेला, आभाळ थोडं भरलेलं. ना गार ना गरम. अशी संध्याकाळ वैऱ्यावर येऊ नये. बाबा आणि ती दोघं ठाणात शिरली.

"हात बघू," बाबा म्हणाले, आणि मग आपल्याला बघून कळणार नाही हे आठवून त्यांनी तिचा तळवा स्वतःच्या गालाला लावला. "हं. ठीक आहे. आता ठेव. दाबू नकोस, नुसती बोटं टेकव. सांग."

"ऊब आहे. ओल नाही."

"कानाच्या मुळाशी?"

"कोमट."

"केस उभे राहिलेत का बसलेत?"

"बसलेत. तुम्हीच बघा ना."

बाबांनी वाकून बघितलं. "बसलेत. पुन्हा खांद्यामागे ठेव. आता काय म्हणतो हात?"

थोरलीने हात ठेवला आणि ठेवूनच राहिली. हाताखाली पाहुणीचा श्वास वर-खाली होत होता. "बाबा, मला वाटतं नको घालायला. पण मला खात्री नाही. जराही नाही. मी पुन्हा चुकले तर ती सकाळी नसेल. तुम्ही सांगा ना."

"मी काय सांगू? हात तुझा."

"पण खात्री नसताना कसं बोलू?"

बाबांनी पाहुणीच्या मानेवर थाप दिली. "खात्री मला तरी कधी होती?"

तिला वाटलं ते तिची समजूत घालताहेत. "इतकी वर्षं? डोळे मिटून, एवढ्या मोठ्याने?"

"मोठ्याने ओरडायचो ते तुम्हाला ऐकू जावं म्हणून. सुरुवातीला मीही म्हणायचो, बघू या, बहुतेक नको, वाटलं तर नंतर घालू. तुझी आई रात्रभर तळमळायची. मला उठवायची, पुन्हा बघून या म्हणायची. तू लहान, तूही उठून बसायचीस. एकदा वैतागून ओरडलो, राहू दे! तर तुम्ही दोघी गाढ झोपलात. मग तेच धरलं."

"आणि तुम्ही?"

"मी जागा असायचो," बाबा म्हणाले. "या दिवसांत मी कधी झोपलोय? पण एकाने जागं राहिलं की पुरतं ना. सगळ्यांनी कशाला?"

बाबांच्या एका शब्दावर आपण किती वर्षं घोरत पडलो, हे थोरलीच्या ध्यानात आलं आणि तिला कसंतरीच झालं. तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"काय ठरलं रे?" आत्याने हाक मारली. आवाज कापत होता. पाहुणीला कधी बोटही न लावलेल्या आत्याचा. "घालायची की नाही?"

सवयीने बाबांचं तोंड उघडलं. मग त्यांनी ते मिटलं आणि थोरलीकडे बघितलं.

तिचा हात अजून पाहुणीच्या अंगावर होता. हात सांगत होता, नको. भीती सांगत होती, घाल, घाल, निदान आजच्या दिवस घाल. तिने छातीत हवा भरून घेतली.

"राहू दे!"

अख्ख्या अंगणाला ऐकू गेलं. पाहुणीने कान टवकारले, पलीकडे ढोल्याने पाय आपटला.

"बरं झालं बाई," आत्या म्हणाली. "जीव भांड्यात पडला. चला आता, जेवून घ्या." खिडकी बंद झाली.

थोरलीने बाबांकडे बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. तिला खात्री नाही हे तिने त्यांनाच, आत्ता, दोन मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. आणि तरीही तिच्या आवाजासरशी त्यांचे खांदे खाली आले, कपाळावरची आठी गेली, आणि त्यांनी एक लांबलचक जांभई दिली.

"मग मी जाऊन पडतो जरा," ते म्हणाले. "फार दिवस झाले झोपून."

ते गेले. दाराशी थांबले नाहीत, मागे वळून बघितलं नाही. थोरलीने झूल हाताशी राहील अशी अर्ध्या दारावर टाकली, बादली उपडी करून तिच्यावर बसली आणि दोन्ही हात पुन्हा काखेत धरले.